काटा-पावती ॲप: प्रकल्प नोंदी (१४ एप्रिल ते २ मे २०२५)

१४ एप्रिल, सोमवार

आंबेडकर जयंतीची सुटी, पण केळीच्या कापणीला सुटी नसते. सकाळी साडेनऊला सावद्याहून, केळीच्या गाड्या तोलतात त्या काट्यावरून, दिवाणजींचा (तिथले हिशेबनीस) फोन. "भाऊ, भाव टाकला का ते बंद पडू राह्यलं. पुतण्याच्या फोनवर चालतं, माझ्यावर नाही." मागून ट्रकचा हॉर्न ऐकू येत होता. गाडी काट्यावर उभी, तिच्यामागे आणखी दोन. म्हटलं, ही गाडी वहीत लिहा, संध्याकाळी बघतो. तीच वही बंद करा म्हणून तीन वर्षांपूर्वी मी त्यांच्या मागे लागलो होतो.

नवीन माणसाने या नोंदी वाचल्या तर कळावं म्हणून: ॲप अगदी साधं आहे. भरलेल्या गाडीचं वजन किलोत, रिकाम्या गाडीचं किलोत, घड किती, बाग नवती की कांदेबाग (केळीच्या बागांचे प्रकार). एवढं टाकलं की नोंद जतन होते. भाव ठरला की क्विंटलचा दर टाकायचा, रक्कम निघते, ब्लूटूथच्या छोट्या प्रिंटरवर पावती. अर्धा कोड जावात, अर्धा कॉटलिनमध्ये (दोन्ही प्रोग्रामिंगच्या भाषा). ज्या भागात भानगड आहे तो जुना, जावातला.

आबांनी (केळीचे व्यापारी, ॲपचे पैसे तेच देतात) एकच अट घातली आहे. आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आत व्हायला हवं. आखाजी ३० तारखेला. त्याआधी सगळ्यांचे हिशेब चुकते करायची त्यांची रीत आहे.

अंदाज: दिवाणजींनी ११ तारखेला नवा फोन घेतलाय, स्वस्तातला. मेमरी कमी पडत असेल.

१५ एप्रिल, मंगळवार

जुना लॅपटॉप मार्चमध्ये गेला. कोड सुरक्षित आहे, ॲपवर डिजिटल सही करायची किल्ली पेनड्राइव्हवर आहे, पण शेवटच्या बिल्डची (कोडपासून बांधलेल्या ॲपची) मॅपिंग फाईल, म्हणजे आखूड केलेली नावं मूळ नावांशी जुळवणारी यादी, त्याच्याबरोबरच गेली. नवा लॅपटॉप विंडोज ११, ८ जीबी. त्यावर प्रोजेक्ट आज पहिल्यांदा उघडला.

पहिला दणका: जावा २१ आणि ग्रेडल ७.५ (कोडचं ॲप बांधणारं साधन) यांचं जमत नाही. नव्या अँड्रॉइड स्टुडिओसोबत (ॲप लिहायचं सॉफ्टवेअर) जावा २१ येतं, आणि ग्रेडलला २१ वर चालता येतं ते ८.५ पासून. टर्मिनलमधून चालवलं तर हाच निरोप 'क्लास फाईल मेजर व्हर्जन ६५' असा येतो. या आकड्यातून ४४ वजा केले की जावाची आवृत्ती मिळते: ५२ म्हणजे ८, ५५ म्हणजे ११, ६१ म्हणजे १७, ६५ म्हणजे २१.

ग्रेडल, प्लगिन, कॉटलिन सगळंच नवं करून टाकावं असा मोह झाला. टाळला. क्रॅश कशाने होतोय ते माहीत नसताना पाच गोष्टी एकदम बदलल्या, तर मग काय कशाने सुटलं ते कळत नाही. जावा १७ वेगळं बसवलं, सेटिंगमध्ये ग्रेडलसाठी तेवढं निवडलं. पुढे सरकलो.

दुसरा दणका मजेशीर. प्रोजेक्टच्या फोल्डरचं नाव मी हौसेने 'केळी' ठेवलं होतं, मराठीत. बिल्ड म्हणतं, पाथमध्ये (फाईलच्या पत्त्यात) आस्कीबाहेरची, म्हणजे साध्या इंग्रजीबाहेरची अक्षरं आहेत, विंडोजवर बिल्ड बहुधा फसेल. खाली लगेच सांगितलंय की ग्रेडलच्या प्रॉपर्टीज फाईलमध्ये एक ओळ टाका म्हणजे ही तपासणी बंद होईल. टाकली. निरोप थांबला.

मग तिसरा: प्रिंटरची लायब्ररी (दुसऱ्याने लिहिलेला तयार कोड) सापडेना. कोडमध्ये अजून जेसेंटरचा, म्हणजे लायब्रऱ्या उतरवायच्या जुन्या ठिकाणाचा पत्ता. जेसेंटर बंद होणार हे २०२१ च्या फेब्रुवारीतच जाहीर झालं होतं, नंतर ते नुसतं वाचण्यापुरतं उरलं, आणि २०२४ च्या ऑगस्टपासून तिथली मागणी सरळ मेवन सेंट्रलकडे वळवली जाते. जुन्या लॅपटॉपच्या कॅशमध्ये (उतरवलेल्या फाईलींच्या साठ्यात) लायब्ररी पडून होती म्हणून मला चार वर्षं पत्ता नाही. तीच लायब्ररी जिटपॅकवर मिळाली.

रात्री अकरा वाजता शेवटी खरं बिल्ड सुरू झालं आणि एएपीटी-२ ने (बिल्डमधलं एक साधन) हात वर केले. फाईल सापडत नाही. छापलेला पाथ नीट पाहिला. 'केळी'च्या जागी चार प्रश्नचिन्हं. आपल्याला दोन अक्षरं दिसतात, यंत्राला चार खुणा: क, मात्रा, ळ, वेलांटी. प्रत्येकीचं एक प्रश्नचिन्ह. म्हणजे त्या ओळीने रोग बरा केला नव्हता, फक्त डॉक्टरला गप्प केलं होतं. ओळ काढून टाकली.

१६ एप्रिल, बुधवार

प्रोजेक्ट डी ड्राइव्हवर हलवला, फोल्डरला इंग्रजी अक्षरांत नाव. ॲप बांधलं गेलं. तेवढ्यावर थांबलो असतो तर बरं, पण टेस्ट (कोड तपासणाऱ्या छोट्या चाचण्या) चालवल्या. 'ग्रेडल वर्कर मेन हा क्लास सापडत नाही.' एकही टेस्ट सुरूच होत नाही.

तीन तास टेस्टच्या लायब्ररीला दोष देण्यात गेले. दुपारी अमळनेरच्या मित्राला फोन केला, तो अशा भानगडीत मुरलेला. त्याने एकच विचारलं, "तुना यूजर फोल्डरनं नाव काय शे?" मी सांगितलं, 'मामा'. तो इतका हसला की फोन बाजूला धरावा लागला.

झालं असं की दुकानात अकाउंट करताना भाची सोबत होती. नाव काय टाकू म्हणाली आणि स्वतःच मराठीत 'मामा' टाकलं. मला तेव्हा कौतुक वाटलं होतं. ग्रेडलचा सगळा साठा यूजर फोल्डरमध्ये असतो. प्रोजेक्ट डी वर गेला तरी टेस्ट चालवणाऱ्या जार फाईलचा पाथ 'मामा'मधूनच जात होता, आणि तिथे पुन्हा चार प्रश्नचिन्हं.

अकाउंटचं नाव बदलून पाहिलं. विंडोजमध्ये त्याने फक्त दिसणारं नाव बदलतं, फोल्डर तसाच राहतो. म्हणून ग्रेडल यूजर होम हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल (साठा कुठे ठेवायचा ते सांगणारं सेटिंग) डी वरच्या साध्या फोल्डरकडे वळवलं. एम्युलेटरचं (लॅपटॉपवरच्या खोट्या फोनचं) घरही तसंच हलवलं. अकाउंटचं नाव परत 'मामा' केलं. ते राहू दे.

आता सगळं नव्याने उतरवायचं, जवळजवळ दीड जीबी. पाऊण झालं आणि लाईट गेली.

१७ एप्रिल, गुरुवार

'झिप एंड हेडर सापडत नाही.' ही कालच्या लाईटची मेहेरबानी, फाईल अर्धीच उतरलेली. अशा वेळी लोक ग्रेडलचा सगळा फोल्डर उडवतात आणि पुन्हा दीड जीबी खर्च करतात. निरोपात ज्या फाईलचं नाव आहे तेवढाच उपफोल्डर काढला, दहा मिनिटांत काम झालं.

टेस्ट हिरव्या. सगळ्या. क्रॅश मात्र कशातच दिसत नाही.

१८ एप्रिल, शुक्रवार

सकाळपासून बिल्ड मध्येच मरतंय. 'ग्रेडल डीमन (पाठीमागे चालणारा प्रोग्राम) अनपेक्षितपणे नाहीसा झाला.' कधी ७० टक्क्यांवर, कधी ९० वर.

मी वरच्या पत्र्याच्या खोलीत बसतो. जळगावचा एप्रिल, दुपारी टेबलाला हात लावला तरी चटका. उन्हाने लॅपटॉप बंद पडला म्हटलं तर इथे कुणालाही पटतं, तसं मलाही पटलं. लॅपटॉप खाली आईच्या कुलरसमोर नेला. तिथेही मेला, फक्त गारव्यात.

मग वाटलं, मेमरी कमी देतोय. जावाला ४ जीबीची मर्यादा होती, ती ६ केली. आधीपेक्षा लवकर मेला.

तेव्हा कुठे प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये पडलेल्या फाईलकडे लक्ष गेलं. जावा कोसळताना 'एचएस-ईआरआर-पीआयडी' नावाची एक फाईल मागे ठेवून जातं. अशा अकरा साचल्या होत्या. वरच्या चार ओळींतच लिहिलंय: जावाला पुढे चालायला पुरेशी मेमरी नाही, नेटिव्ह मेमरी मिळाली नाही. इथे फरक आहे. 'जावा हीप स्पेस' असा निरोप आला तर जावाची स्वतःची कोठी भरलेली असते आणि मर्यादा वाढवून उपयोग होतो. 'नेटिव्ह' म्हणतं तेव्हा मशीनकडेच द्यायला काही उरलेलं नसतं. तिथे मर्यादा वाढवली की उलटंच होतं.

त्यात आणखी एक: कॉटलिनचा डीमन वेगळा चालतो, आणि त्याला काही सांगितलं नाही तर तो ग्रेडलचीच मर्यादा उचलतो. मी एकदा ४ लिहिले ते दोघांनी घेतले. ८ जीबीच्या मशीनवर दोघांना ४-४ ची मुभा, वर स्टुडिओ, एम्युलेटर आणि क्रोम.

ग्रेडल दीड जीबी, कॉटलिन १ जीबी, एका वेळी दोनच वर्कर, एम्युलेटर बंद. बिल्ड ४ मिनिटं १० सेकंदांत पार पडलं. पुन्हा मेलं नाही.

काकांचा जुना फोन चाचणीला घेतला, तो हिंदीत आहे. देवनागरी ती देवनागरी म्हणून तसाच वापरला. पन्नास गाड्या टाकल्या, भाव टाकले. एकदाही पडलं नाही.

१९ एप्रिल, शनिवार

घरी बसून होणार नाही हे पाच दिवसांनी उमगलं. यूएसबी केबल, लॅपटॉप आणि लॉगची (ॲप चालताना मागे ठेवतं त्या नोंदींची) जादा सोय केलेली डीबग आवृत्ती, म्हणजे चुका शोधायची आवृत्ती, घेऊन निघालो. भुसावळ, फैजपूर, सावदा. एसटीत लॅपटॉप मांडीवर, जणू तान्हं मूल.

काट्यावर लिंबाखाली दिवाणजी बसलेले. डीबग आवृत्ती त्यांच्या फोनवर टाकायला गेलो तर फोन नाही म्हणाला, आधीच्या पॅकेजशी टक्कर होतेय. बरोबरच आहे, सही वेगळी. पुतण्या चटपटीत. "जुनं काढून टाकू ना मग," म्हणाला आणि बोट 'अनइंस्टॉल'वर. मी जवळजवळ ओरडलोच. ॲप काढलं की त्याच्या पोटातला सगळा डेटाबेस जातो. तीन वर्षांच्या गाड्या, आखाजीच्या तोंडावर. फोन हातातून घेतला आणि मगच पाणी प्यायलो. रोज रात्री प्रत बाहेर काढायची सोय मी अजून केलेली नाही, ही चूक माझी.

डीबग आवृत्ती गेली बाजूला. नुसता केबलने लॉग बघू म्हटलं. त्यासाठी सेटिंगमध्ये जाऊन बिल्ड नंबरवर सात वेळा टिचक्या मारायच्या. दिवाणजींनीच मारल्या, मोजत. सातव्या टिचकीला फोन मराठीत म्हणाला की तुम्ही आता डेव्हलपर आहात. दिवाणजी माझ्याकडे बघून म्हणाले, "मंग आता तुमचं काय काम?"

एक जुनी नोंद उघडली. भरलेली गाडी २५०४० किलो, रिकामी ९२१५, माल १५८२५. क्विंटलला १८०० भाव टाकला, 'जतन' दाबलं. ॲप गायब. लॉगमध्ये नावं सगळी ए, बी, सी (मॅपिंग फाईल असती तर ओळीसकट कळलं असतं), पण मधली एक ओळ स्वच्छ होती. नंबर फॉरमॅट एक्सेप्शन (हा मजकूर आकडा म्हणून वाचता येत नाही), आणि पुढे अवतरणात: "२८४८५०.००".

आकडे मराठीत.

फोनची भाषा विचारली. "मराठीच. नव्या फोनवर पुतण्यानं करून दिली. जुना इंग्रजीत होता, काही कळायचं नाही." पुतण्याने स्वतःचा मात्र इंग्रजीतच ठेवलाय.

पहिल्या दिवशी केबल घेऊन आलो असतो तर वीस मिनिटांचं काम होतं. त्या फोनवर जे घडतंय ते त्या फोनलाच विचारायचं सोडून मी कुलर हलवत बसलो. अर्थात बिल्ड उभं केल्याशिवाय दुरुस्ती देता आली नसती, एवढंच समाधान. शेवभाजी खाऊन सहाच्या गाडीने परत.

२१ एप्रिल, सोमवार

कोड समोर ठेवून मुळाशी गेलो. रक्कम काढून मी ती 'दोन दशांश' अशा साच्यात मजकूर करतो, चौकटीत दाखवतो, आणि जतन करताना त्याच चौकटीतून वाचून परत आकडा करतो. हा साचा भाषा सांगितली नाही तर फोनची भाषा घेतो. मराठीला नेमून दिलेले अंक देवनागरी, म्हणून चौकटीत २८४८५०.०० येतं. परत वाचणारं डबलचं (दशांश आकड्यांचं) फंक्शन फक्त इंग्रजी अंक ओळखतं. तिथे फुटतं.

मग वजन आणि घड का चालतात? तेही मजकूर होऊन परत आकडे होतात, तेही देवनागरीत. कारण पूर्णांक वाचणारं फंक्शन देवनागरी अंकसुद्धा स्वीकारतं. एकाच भाषेतली, एकाच घरातली दोन फंक्शनं, धाकट्याला मराठी येतं आणि थोरल्याला येत नाही. पहिला पडदा नीट चालतो म्हणून मी त्या वाटेकडे पाहिलंच नाही.

आणि काकांचा हिंदी फोन? हिंदीला ठरलेले अंक इंग्रजीच आहेत. अक्षरं देवनागरी, आकडे इंग्रजी. मराठीला आणि नेपाळीला अंकही देवनागरी. अंकांची ही वाटणी लिपीवर नाही, भाषेवर ठरते. सीमेपलीकडे बुऱ्हाणपूरच्या व्यापाऱ्याला हेच ॲप हिंदी फोनवर दिलं असतं तर जन्मात पडलं नसतं. मराठी माणसाने मराठी व्यापाऱ्यासाठी केलेलं ॲप फक्त मराठी फोनवर पडतं, यावर मित्र काय म्हणाला ते इथे लिहिण्यासारखं नाही.

स्टुडिओ हे मला तीन वर्षं सांगत होता. २१४ पिवळे इशारे, त्यांतले नऊ हेच: भाषा न सांगता साचा वापरलाय, चुका होतील. मी पिवळं कधी उघडून पाहिलं नाही, लाल तेवढं पाहिलं.

नऊपैकी दोन तारखेचे. ते बघून पोटात गोळा आला.

२२ एप्रिल, मंगळवार

तारीखही मी मजकूर म्हणूनच साठवतो: वर्ष, महिना, दिवस. ११ तारखेपासून दिवाणजींच्या फोनवर ती '२०२५-०४-११' अशी देवनागरीत गेलीय. त्याआधीच्या सगळ्या नोंदी इंग्रजी अंकांत, त्या जुन्या फोनवरून आणलेल्या.

एसक्यूलाइट (ॲपमधला डेटाबेस) मजकूर खुणांच्या क्रमाने लावतं. देवनागरी अंक इंग्रजी अंकांच्या पुढे येतात, म्हणून नव्या नोंदी यादीत वरच दिसतात, जिथे दिसायला हव्यात तिथेच. यादी बघून कुणाला शंका यायचं कारण नाही. पण '१ ते ३० एप्रिल' असा अहवाल मागितला की हद्दीच्या दोन्ही तारखाही आता देवनागरीत तयार होतात, आणि १ ते १० एप्रिलच्या गाड्या त्या हद्दीत बसत नाहीत. अहवाल येतो, छान येतो, दहा दिवस गाळून.

आबांना लगेच फोन केला. महिन्याचा अहवाल अजून काढलाय का? "नाही, आखाजीच्या आदल्या दिवशी काढतो." हायसं वाटलं. स्पष्ट सांगितलं की तोपर्यंत काढू नका, आणि का ते. थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, "कुणाचे दहा दिवस गेले असते?" शेतकऱ्यांचे, म्हटलं. भाव न टाकता आल्याचा फोन आठ दिवसांपूर्वी आला होता, याचा कुणी केला नसता.

२३ एप्रिल, बुधवार

दुरुस्ती.

रक्कम चौकटीतून परत वाचणं बंद. आकडा आकडाच राहतो, चौकट फक्त दाखवते. साठवायच्या प्रत्येक साच्याला 'लोकेल रूट' (कुठल्याच भाषेची नसलेली तटस्थ पद्धत) सांगितलं, दाखवायच्या साच्यांना फोनची भाषा राहू दिली. पावतीवर मराठी अंक दिवाणजींना आवडले आहेत, ते काढायचे नाहीत.

जुन्या तारखांसाठी डेटाबेसची आवृत्ती ६ वरून ७. आधी फाईलची प्रत, मग एका अपडेटमध्ये दहा 'रिप्लेस' (एका अंकाच्या जागी दुसरा घालायचा हुकूम) एकात एक गुंफून, शून्यापासून नऊपर्यंत. दिसायला गबाळं आहे, पण चुकायला जागा नाही. चाचणीला काकांचा फोन मराठीत केला (काका रागावले), ४० खोट्या गाड्या टाकल्या, अपडेट चालवलं, देवनागरी तारखा शून्य.

बिल्ड यंत्रावर मराठी लावूनच चालतील अशा सहा टेस्ट वाढवल्या. आधीच्या हिरव्या टेस्ट इंग्रजी विंडोजवर चालल्या होत्या, त्या हिरव्या नसत्या तरच नवल.

मॅपिंग फाईल आणि सहीची किल्ली दोन ठिकाणी ठेवली. एक पेनड्राइव्ह आईच्या कपाटात.

२४ एप्रिल, गुरुवार

सावद्याला जाऊन स्वतः टाकलं. त्याच किल्लीची सही, जुन्यावर अलगद बसलं. देवनागरी तारखांच्या नोंदी ६३ होत्या, अपडेटनंतर एकही नाही. एकूण नोंदी आधी होत्या तेवढ्याच. दिवाणजींनी भाव टाकला, 'जतन' दाबलं, फोन डोळ्यांपासून लांब धरला. प्रिंटर कुरकुरला.

२९ एप्रिल, मंगळवार

आबांनी अहवाल काढला. १ तारखेपासून सगळ्या गाड्या आहेत. भाची आलीय, अंगणात झोका बांधलाय, लॅपटॉपवरचं 'मामा' बघून तिने विचारलं की हे अजून चालतं ना. चालतं, म्हटलं.

२ मे, शुक्रवार

काल महाराष्ट्र दिन, परवा आखाजी, दोन्ही दिवस लॅपटॉप उघडला नाही. आज दिवाणजींचा फोन. ११ ते २४ एप्रिलच्या गाड्या त्यांनी वहीशी ताडून पाहिल्या. ॲपमध्ये ६३, वहीत ६४. घाम फुटला. डेटाबेसची प्रत उघडून तासभर एकेक नोंद लावली, मग त्यांना वहीतली तारीख-वेळ वाचायला सांगितली. वहीत जास्त असलेली गाडी १४ एप्रिलची, सकाळी साडेनऊची. ती वहीत लिहा असं मीच सांगितलं होतं.

दिवाणजींनी ती आत्ता ॲपमध्ये टाकली.